मजुरीचा भाव कुठे ठरतो?

अविकसित देशांच्या आर्थिक विकासासाठी कोणते उपाय योजावेत, हे सांगणारा एक अहवाल संयुक्त राष्ट्रसंघाने मे १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. तो पाच तज्ज्ञांनी लिहिला होता. त्यांपैकी एक होते पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. दुसरे शिकागो विद्यापीठातील थिओडोर शुल्ट्झ आणि तिसरे मँचेस्टरला शिकवणारे, वयाने जेमतेम छत्तिशीचे आर्थर लुईस. उरलेले दोघे चिली आणि लेबनॉनचे. या अहवालात छुप्या बेकारीची व्याख्या केली होती. साधनांच्या मानाने राबणारे हात इतके जास्त असतात, की त्यांतले काही काढून दुसऱ्या कामाला लावले तरी मूळ व्यवसायाचे उत्पन्न घटत नाही, असा तिचा आशय. पुढे अठ्ठावीस वर्षांनी, १९७९ मध्ये, लुईस आणि शुल्ट्झ यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पण तोवर या एका कल्पनेवरून दोघांच्या वाटा पार वेगळ्या झाल्या होत्या. त्या वादात साक्षीला उभे केले गेले ते १९१८ च्या साथीत मेलेले भारतीय शेतकरी.

मी इतिहासाचा विद्यार्थी. आयुष्य गेले प्रशासनात. अर्थशास्त्रज्ञांची समीकरणे मला फारशी उलगडत नाहीत. लुईस यांचा १९५४ सालचा निबंध मात्र मी नोकरीच्या काळात आणि नंतरही पुन्हा पुन्हा वाचला, कारण त्यात समीकरणे जवळपास नाहीत आणि इतिहास भरपूर आहे. ‘अमाप मजूरपुरवठ्यासह आर्थिक विकास’ असे काहीसे त्याचे शीर्षक. शेतीतली माणसे कारखान्यात न्या की देश श्रीमंत होतो, एवढाच त्याचा सारांश आपल्या धोरणकर्त्यांच्या तोंडी असतो. हा सारांश चुकीचा नाही, पण त्यात निबंधाचा गाभाच निसटतो.

लुईस यांचा जन्म २३ जानेवारी १९१५ चा, कॅरिबियन समुद्रातील सेंट लुशिया या चिमुकल्या ब्रिटिश वसाहतीतला. आईवडील दोघेही शिक्षक. वडील गेले तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता; पाच मुलगे आईने वाढवले. चौदाव्या वर्षी शाळा संपली आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसण्याचे वय होईपर्यंत हा मुलगा सरकारी कचेरीत कारकून म्हणून खर्डेघाशी करत होता. (फायली नीट लावण्याची सवय तिथे लागली, असे पुढे त्यांनीच लिहिले आहे, आम्हा कचेरीतल्या माणसांना हे वाचून बरे वाटते.) शिष्यवृत्ती मिळाली १९३२ मध्ये. इच्छा इंजिनीअर होण्याची होती. पण काळ्या इंजिनीअरला ना सरकार नोकरी देणार होते, ना साखरेचे मळेवाले. म्हणून व्यापारशास्त्राची पदवी घेण्यासाठी ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. अर्थशास्त्र म्हणजे काय हे त्या वेळी आपल्याला ठाऊकही नव्हते, असे ते सांगत. पाच-सहा वर्षांत ते त्याच संस्थेत अध्यापक झाले आणि १९४८ मध्ये मँचेस्टरला प्राध्यापक. ब्रिटिश विद्यापीठात प्राध्यापकपद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

त्यांच्या सुरुवातीच्या लेखनात एक छोटी पुस्तिका आहे, १९३९ ची, फेबियन सोसायटीने काढलेली, वेस्ट इंडीजमधील कामगारांविषयी. आदल्या चार-पाच वर्षांत त्या बेटांवर संपांचा आणि दंगलींचा वणवा पेटला होता: त्रिनिदादच्या तेलविहिरींवर, जमैकाच्या ऊसमळ्यांवर, खुद्द सेंट लुशियातही. मजुरी इतकी कमी का, हा प्रश्न लुईस यांच्याकडे पुस्तकातून आलेला नव्हता, हे ही पुस्तिका वाचली की लक्षात येते.

उत्तर सापडायला आणखी तेरा वर्षे लागली. नोबेलच्या वेळी लिहिलेल्या आत्मवृत्तात त्यांनी ती हकीकत दिली आहे. दोन कोडी त्यांना सतावत होती. पहिले, पोलाद आणि कॉफी यांच्या किमतींचे परस्परांशी प्रमाण कशाने ठरते? दुसरे, औद्योगिक क्रांतीच्या पहिल्या पन्नास वर्षांत इंग्लंडात नफा आणि बचत वाढत गेली, तरी खरी मजुरी होती तिथेच का राहिली? ऑगस्ट १९५२ मध्ये बँकॉकच्या एका रस्त्यावरून चालताना त्यांना सुचले, की दोन्ही कोड्यांचे उत्तर एकच आहे. मजुरांचा पुरवठा मर्यादित असतो हे गृहीतकच सोडून द्यायचे.

मग चित्र असे दिसते. एकीकडे घरची शेती, फेरी, हमाली, घरगडी अशा निर्वाहाच्या कामांत गुंतलेली कोट्यवधी माणसे. दुसरीकडे नफा कमावून तो पुन्हा गुंतवणारा छोटासा भांडवली उद्योग. उद्योगाला माणसे हवी असतील तर त्याने मजुरी किती द्यावी? कामगार किती उत्पादन करतो याच्याशी तिचा संबंध नाही. शेतातल्या माणसाला घरी जे पोटापुरते मिळते त्याहून थोडी जास्त दिली की पुरे. लुईस हा फरक तीस टक्क्यांच्या आसपास धरतात. कारखान्यात नवे यंत्र आले, उत्पादन दुप्पट झाले, तरी मजुरी हलत नाही, कारण फाटकाबाहेर त्याच भावाने यायला तयार असलेली रांग संपलेली नसते. वाढीव उत्पन्न सगळे नफ्यात जाते. नफा गुंतवला जातो, आणखी माणसे लागतात आणि केव्हातरी रांग संपते. त्या दिवसापासून मजुरी वाढू लागते. या वळणबिंदूला आज त्यांचेच नाव आहे.

या तर्काचा दुसरा अर्थ मला अधिक महत्त्वाचा वाटतो. शहरातल्या मजुरीचा भाव शहरात ठरत नाही. तो ठरतो मागे राहिलेल्या खेड्यात, घरच्या तुकड्यावर किती पिकते यावर.

लुईस यांनी पुढे या सूत्राने एकोणिसाव्या शतकाचा इतिहास उलगडून दाखवला, आणि तिथे आपला देश थेट मध्यभागी येतो. त्यांच्या हिशेबाने त्या काळात सुमारे पाच कोटी माणसे युरोप सोडून समशीतोष्ण प्रदेशांत गेली आणि जवळपास तितकीच भारत व चीन सोडून उष्ण कटिबंधातल्या मळ्यांवर, खाणींत आणि बांधकामांवर. पहिल्या प्रवाहातला माणूस घर सोडताना इंग्लंडमधल्या शेतीशी तुलना करत होता. तिथे १९०० च्या सुमारास एकरी १,६०० पौंड गहू निघत होता. दुसऱ्या प्रवाहातला माणूस एकरी ७०० पौंड धान्य पिकवणाऱ्या शेतातून उठला होता. म्हणून ऑस्ट्रेलियात लोकर कातरणाऱ्याला जे मिळाले ते आसामात चहा खुडणारीला कधीच मिळाले नाही. चहा लोकरीपेक्षा कमी उपयोगाचा होता असे नव्हे. चहा खुडणारीच्या मागे उभे असलेले शेत गरीब होते, एवढेच.

आमच्या गिरमिटियांचा इतिहास या नजरेने वाचला की त्याचे अनेक तुकडे जुळतात. १८४५ ते १९१७ या काळात त्रिनिदादला सुमारे १ लाख ४३ हजार आणि ब्रिटिश गयानाला १८३८ पासून सुमारे २ लाख ३९ हजार भारतीय मजूर गेले; लुईस यांच्या सेंट लुशियातही १८५९ पासून काही हजार उतरले. पुढे भारतातील भाषांच्या सर्वेक्षणामुळे नावाजलेले जॉर्ज ग्रिअर्सन यांनी सनदी नोकरीत असताना १८८३ मध्ये बिहारच्या जिल्ह्यांत हिंडून या भरतीची चौकशी केली होती. समुद्रापारची मजुरी दिवसाला एक शिलिंगच्या आसपास. गुलामगिरी संपल्यावर मोकळ्या झालेल्या काळ्या मजुराला मळेवाल्याशी घासाघीस करता आली असती. शाहाबाद किंवा गयेहून आलेल्या माणसाने ती शक्यताच संपवली. लुईस हे काळ्या मजुरांच्या समाजात वाढलेले. पण त्यांच्या लेखनात या भारतीय मजुराविषयी कडवटपणा कुठेही नाही. तोही आपल्या शेताचाच बंदी होता, हे त्यांना दिसले होते.

निबंधात एक परिच्छेद असा आहे की तो वाचताना वसाहतीचे अधिकारी अस्वस्थ झाले असतील. निर्वाहाच्या शेतीतून जास्त पिकू लागले तर मळ्यांवरची मजुरी वाढवावी लागते. म्हणून ती शेती सुधारू न देण्यात मळेवाल्याचे थेट हित असते, असे लुईस लिहितात. आफ्रिकेतल्या साम्राज्यांनी जमिनी काढून घेतल्या, वेठ लावली, डोईपट्टी बसवली, ती लोकांना मळ्यांकडे आणि खाणींकडे हाकलण्यासाठी, हे त्यांचे निदान. आपल्याकडे छोटा नागपूरचे आदिवासी आसामच्या चहामळ्यांवर कसे पोचले, याच्या नोंदी चाळणाऱ्या कुणालाही हे निदान परके वाटणार नाही.

आता शुल्ट्झ यांच्या साक्षीदारांकडे. ते अमेरिकेतल्या साउथ डकोटाच्या शेतकरी कुटुंबातले. गरीब शेतकरी बिनकामाचे हात पोसत बसतो ही कल्पना त्यांना मुळातून पटेनाशी झाली. पारंपरिक शेतीवरच्या १९६४ च्या पुस्तकात त्यांनी भारतातील १९१८-१९ ची इन्फ्लुएंझाची साथ हाच प्रयोग मानला. शेतीतले सुमारे आठ टक्के कामकरी अचानक नाहीसे झाले. ते जर खरोखर अतिरिक्त असते, तर पेरा घटायला नको होता. पण १९१९-२० मध्ये पेऱ्याखालचे क्षेत्र साथीपूर्वीच्या १९१६-१७ पेक्षा जवळपास चार टक्क्यांनी कमी भरले, आणि जिथे मृत्यू जास्त तिथे घट जास्त. अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये या पुराव्याला हरकत घेतली. साथीत कुटुंबेच्या कुटुंबे कोलमडतात. चार भावांतला एक रोजगाराला बाहेर जाणे आणि घरातला कर्ता मरणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिल्या प्रकारात उरलेले भाऊ जास्त राबून काम उरकतात. दुसऱ्या प्रकारात बैल उभे राहतात आणि नांगर धरायला कुणी नसते.

या वादात अर्थशास्त्रज्ञांची एक पिढी खर्ची पडली. लुईस स्वतः त्याला कंटाळले होते. सीमान्त उत्पादकता शून्य असते असा उल्लेख आपण केला हेच चुकले, मुद्दा तो नव्हताच, असे त्यांनी १९७२ मध्ये लिहिले. चालू मजुरीवर जितकी मागाल तितकी माणसे मिळतात की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. १९१८ च्या मृतांविषयी मात्र मला सेन यांचे म्हणणे अधिक माणसांतले वाटते. ज्याने जिल्ह्यात पूर किंवा साथ हाताळली आहे, तो मृत्यूंच्या आकड्याला प्रयोग म्हणणार नाही.

आता आजच्या भारताकडे येऊ. लुईस यांच्या मते विकासाची मध्यवर्ती समस्या एकच होती: उत्पन्नाच्या चार-पाच टक्के बचत करणारा समाज बारा-पंधरा टक्के बचत करू लागतो कसा? ही परीक्षा आपण कधीच पार केली. आपला बचतीचा दर आज तीस टक्क्यांच्या घरात आहे. मग रांग संपायला हवी होती. प्रत्यक्षात श्रमबलाच्या नियतकालिक सर्वेक्षणानुसार २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के कामकरी शेतीत होते आणि २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्के. स्त्री कामकऱ्यांपैकी तर सुमारे ६४ टक्के. देशाच्या उत्पन्नातला शेतीचा वाटा मात्र पाचव्या हिश्श्याहूनही कमी. इतिहासात अशी उलटी चाल क्वचितच दिसते. करोनाची टाळेबंदी हे कारण पहिल्या दोन वर्षांपुरते पटते. ती उठून इतका काळ लोटल्यावरही माणसे परत का गेली नाहीत, हे त्याने उलगडत नाही.

नफा गुंतवला जातो तो अधिक माणसे लावण्यासाठी, असे लुईस यांनी धरले होते. आपल्याकडे तो बहुतांशी माणसे वाचवणाऱ्या यंत्रांत गुंतला. माणसे लागलीच तर तीही मुकादमाकरवी: संघटित कारखान्यांतील सुमारे ४० टक्के कामगार आज कंत्राटी आहेत. कायम कामगाराशेजारी तेच यंत्र चालवणाऱ्या कंत्राटी माणसाला कमी वेतन का, याची कारणे कामगार कायद्यांत शोधण्याची आपल्याला सवय आहे. कायद्यांचा वाटा आहेच. पण त्या पगारावर यायला माणूस तयार का होतो, हे कायदा सांगत नाही.

बिहारमध्ये सेवेत असताना आषाढ लागायच्या सुमारास सहरसा स्थानकावर अमृतसरच्या गाड्यांना लोंबकळणारी गर्दी मी पाहिली आहे. पंजाबात भातलावणीला निघालेली ही माणसे. त्यांच्यातल्या कुणाशीही बोलले तर पंजाबातला एकरी दर तो आधी सांगत नसे. आधी सांगे गावात मालक काय देतो ते, आणि तेही काम वर्षातले किती दिवस असते. तुलना तिथून सुरू होई. लुईस यांचा तर्क यापेक्षा सोप्या भाषेत मला कुणी सांगितलेला नाही. १ मे २०२० पासून श्रमिक विशेष गाड्या सुटू लागल्या आणि ६३ लाखांहून अधिक माणसे त्यांतून गावी परतली. पायी गेलेल्यांची गणती निराळीच. अन्न आणि आसरा मिळण्याची खात्री असलेली एकच जागा त्यांना माहीत होती. त्या जूनमध्ये पंजाबात लावणीचे दर चढले आणि तिथले शेतकरी बिहारात बसगाड्या पाठवून मजूर आणू लागले. रांग काही आठवड्यांपुरती तुटली होती.

म्हणून शेतीतली उत्पादकता, रेशनचे धान्य आणि रोजगाराची हमी ही ‘कल्याणा’च्या खात्यात टाकायची आणि कारखाने ‘विकासा’च्या, ही आपल्या अंदाजपत्रकांची विभागणी मला पटत नाही. महाराष्ट्राने सत्तरच्या दशकातील दुष्काळात ज्या रोजगार हमीचा पाया घातला, तीच २००५ मध्ये कायदा होऊन देशभर गेली. ती लागू झाल्यावर हंगामात मजूर मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, म्हणून पेरणी-कापणीच्या दिवसांत ही कामे बंद ठेवा, अशी मागणी वारंवार झाली. लहान शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. खते, डिझेल आणि मजुरी यांच्या कात्रीत तो सापडतोच. पण खेड्यातल्या मजुराला घासाघीस करण्याची ताकद येते म्हणून काम काढू नका, या युक्तिवादाचा वंश लुईस यांच्या मळेवाल्यापर्यंत जातो.

लुईस यांनी हा सल्ला सरकारांनाही दिला होता. गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, औद्योगिकीकरणावर १९५३ मध्ये त्यांच्याकडून अहवाल मागवला गेला. त्यात त्यांनी पहिला क्रमांक दिला तो अन्नधान्याच्या शेतीला, दुसरा सार्वजनिक सेवांना आणि कारखान्यांना त्यानंतरचा. स्वातंत्र्यानंतर ते एन्क्रुमा यांचे आर्थिक सल्लागार झाले, योजनेत मिरवायच्या प्रकल्पांची भर पडताना पाहून वाद घालत राहिले आणि १९५८ संपता संपता बाहेर पडले. आपल्याकडे त्याच सुमारास दुसरी पंचवार्षिक योजना अवजड उद्योगांभोवती आखली जात होती. मुंबई विद्यापीठाचे सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्ये निराळी मांडणी केली: छुप्या बेकारांना कामाला लावायचे तर आधी त्यांना लागणारे धान्य, कापड यांसारखा मजुरीचा माल हवा, यंत्रे नंतर. ती मांडणी मागे पडली. दहा वर्षांनी बिहारचा दुष्काळ आला तेव्हा देश अमेरिकन गव्हाच्या जहाजांची वाट पाहत होता.

चीनने वेगळ्या क्रमाने गोष्टी केल्या. आधी, १९७८ नंतर, शेतकऱ्याच्या पदरात जास्त पडू दिले. कारखान्यांची मोठी लाट त्यानंतरची. २००४ च्या सुमारास दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर कामगार मिळेनासे झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि तिथले अभ्यासक लुईस यांचे वळण आले की नाही यावर वाद घालू लागले. आज तिथे शेतीत उरलेले कामकरी एकूण कामकऱ्यांच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास आहेत.

आपल्याला तुलनेसाठी चीनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. रिझर्व्ह बँकेने संकलित केलेल्या आकड्यांनुसार २०२२-२३ मध्ये मध्य प्रदेशात शेतमजुराची सरासरी रोजंदारी सुमारे २२९ रुपये होती आणि केरळात सुमारे ७६४. बांधकामावर हाच फरक २७८ आणि ८५२ रुपयांचा. केरळात कारखान्यांचे जाळे आहे म्हणून मजुरी वाढली असे कुणी म्हणणार नाही. तिथे १९७० पासून कुळांना जमीन मिळाली, राहत्या झोपडीखालची जागा मजुराच्या नावावर झाली, रेशन दुकान आणि दवाखाना चालत राहिला, १९७४ मध्ये शेतमजुरांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि पुढे आखाती देशांतून पैसा येऊ लागला. कमी भावाला नाही म्हणून घरी बसण्याची सोय मजुराकडे आली. किंमतही चुकवावी लागली. भाताची शेते ओस पडली, ती अजूनही पडलेली आहेत.

आज एर्नाकुलमजवळच्या पेरुंबवूरला प्लायवूडच्या कारखान्यांत बंगाल, आसाम आणि ओडिशाची माणसे काम करतात. रविवारी तिथल्या बाजारात मल्याळमपेक्षा बंगाली जास्त ऐकू येते. त्यांना स्थानिक मजुराहून कमी पैसे मिळतात आणि गावच्या मानाने बरेच जास्त. स्थानिक मजुराच्या मागे केरळातले घर उभे असते. यांच्या मागे मुर्शिदाबाद किंवा नगावमधली एखाद-दुसऱ्या बिघ्याची जमीन.